सात गडी, एकवीस जोड्या

पाऊस ओसरू लागला, की पेणमध्ये आणि रोह्यात एक प्रश्न ठरलेला असतो. एसटी स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर, दिवा-रोहा गाडीच्या डब्यात, किराणा दुकानाच्या पायरीवर कुणीतरी विचारतेच, 'काय, यंदा कॉलेजची टीम कशी आहे?' टीम म्हणजे कबड्डीची. रायगडात ते वेगळे सांगावे लागत नाही. उत्तरही ठरलेले असते, 'पोरं नवी आहेत.' गंमत अशी, की हे वाक्य आशेने उच्चारले तरी चालते आणि आगाऊ माफी म्हणून उच्चारले तरी चालते. संघ जिंकला तर 'नवी असून जिंकली', हरला तर 'नवीच होती ना'. ज्या वाक्यातून दोन्ही निष्कर्ष निघतात, त्यातून खरे तर काहीच निघत नाही. या लेखात मला त्या एका वाक्याचीच तपासणी करायची आहे.

मी शारीरिक शिक्षणाचा पदवीधर नाही, की प्रशिक्षकही नाही. विशीत कबड्डी खेळलो, तिशीपासून गावोगावच्या स्पर्धांत गुणलेखकाच्या टेबलावर बसलो. गुणपत्रिका आयोजकांकडे जाई. माझी वही माझ्याकडे राही. त्या वहीत गुणांशिवायही काही टिपत गेलो. जे वाचायला मिळाले ते वाचले. पुढे जे मांडतो आहे ते त्या वह्यांतून आणि त्या वाचनातून आले आहे.

प्रथम एक साधी गोष्ट. नवेपणा हा कॉलेज-संघाचा अपघात नसून स्वभाव आहे. खेडेगावातल्या एखाद्या क्रीडा मंडळाचा संघ आठ-दहा वर्षे जवळपास तोच राहू शकतो. कॉलेजचे तसे नाही. पेणचे भाऊसाहेब नेने महाविद्यालय असो वा रोह्याचे डॉ. सी. डी. देशमुख महाविद्यालय, मुलगा पदवीला येतो तो 3 वर्षांसाठी. नव्या शैक्षणिक धोरणात फार तर 4. म्हणजे सगळे सुरळीत चालले तरी दरवर्षी संघाचा तिसरा हिस्सा गळणारच. त्यात कुणाचा विषय राहतो, कुणी धाटावच्या एमआयडीसीत पाळीला लागतो, कुणाचा गुडघा जातो. मग 7 पैकी 4 नवे, हे वाईट वर्षाचे चित्र नाही. ते नेहमीचे वर्ष आहे.

पण खेळाडूच्या बाजूने पाहिले तर हिशेब कठोर आहे. संघाला दर जूनमध्ये नवे वर्ष मिळते. मुलाला मात्र तीनच हंगाम मिळतात. त्यातला पहिला 'नवा आहे' म्हणून बाकावर गेला आणि दुसरा 'अपेक्षाभंग केला' म्हणून गेला, तर विद्यापीठाच्या निवड चाचणीसाठी उरतो एक. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. तिथवर पोहोचायला कुठल्या दर्जाच्या स्पर्धेत काय केले हे कागदावर असावे लागते. तेव्हा हंगामापूर्वी आपण कुणाकडून काय अपेक्षा ठेवतो, हा टपरीवरच्या गप्पांचा विषय असला तरी त्याची किंमत दुसराच कुणीतरी मोजत असतो.

आता खेळाकडे येऊ. चढाई आणि पकड ही कबड्डीची दोन अंगे आपण एका दमात म्हणतो. पण नवेपणाच्या दृष्टीने ती दोन निराळ्या जातीची आहेत. चढाई एकट्याची असते. 30 सेकंद, एक दम, समोर सात. चढाईपटू काल संघात आला असला तरी त्याचा पाय, त्याची उडी, हातस्पर्शाची लांबी त्याच्याबरोबरच येते. सोबत्यांची ओळख नसल्याने त्याचे फारसे अडत नाही. पकड मात्र सामाईक काम आहे. डावा कोपरा घोट्यावर झेपावतो, त्याच क्षणी शेजाऱ्याने चढाईपटूच्या कमरेवर यायचे असते. मैदान 13 मीटर लांब, म्हणजे एक अंगण साडेसहा मीटरचे. निदान रेषा मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर. तेवढ्या अंतरात घोटा धरलेल्या कोपऱ्याला आधार मिळायला अर्धा क्षण उशीर झाला, तर चढाईपटू त्याला ओढत मध्यरेषेला हात लावतो. पकडीचा एक गुण मिळायचा तिथे उलटा एक गुण जातो आणि आपला गडी बाहेर बसतो.

त्यात आजची कबड्डी ही जुन्या संजीवनी प्रकारातून आलेली. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राहायचा. संजीवनीत संघाने गुण मिळवला, की बाद झालेल्यांपैकी एक जण क्रमाने आत येतो. त्यामुळे मैदानातली मांडणी दर मिनिटाला बदलते. आता जो शेजारी आहे तो पुढच्या चढाईला नसेल. आपल्या शेजाऱ्याची सवय असणे एवढ्याने भागत नाही. शेजाऱ्याच्या शेजाऱ्याचीही सवय लागते.

म्हणून नवे गडी मोजण्यापेक्षा जोड्या मोजाव्यात, असे मला वाटू लागले. गणित शाळेतलेच आहे. 7 जणांच्या आपापसातल्या जोड्या 21 होतात. त्यातले 4 नवे आले आणि ते चार वेगवेगळ्या गावांचे असले, तर जुन्या 3 जणांच्या आपसातल्या फक्त 3 जोड्या शिल्लक राहतात. 18 जोड्या कोऱ्या. आता समजा, तेच 4 नवे एकाच गावच्या मंडळात पाचवी-सहावीपासून एकत्र खेळलेले आहेत. मग त्यांच्या आपसातल्या 6 जोड्या जुन्याच. त्यात आधीच्या 3 मिळवल्या की 9 जुन्या, 12 कोऱ्या. दोन्ही संघांबद्दल टपरीवर एकच वाक्य बोलले जाईल, 'चार पोरं नवी आहेत.' एका संघात जुन्या जोड्या 3 आहेत, दुसऱ्यात 9.

याच्या पुढचा हिशेब मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सगळ्या 21 जोड्या सारख्या कामाच्या नसतात. डाव्या कोपऱ्यापासून उजव्या कोपऱ्यापर्यंत सात जण उभे राहिले, की शेजारशेजारचे सांधे 6 असतात. साखळीत हात धरले जातात ते तिथे. एकाच गावचे ते 4 जण ओळीने उभे केले आणि जुने 3 जण दुसऱ्या बाजूला, तर सहापैकी एकच सांधा कोरा राहतो. तेच सात जण एक नवा, एक जुना, एक नवा असे आलटून-पालटून उभे केले, तर सहाच्या सहा सांधे कोरे होतात. खेळाडू तेच, गावे तीच, सराव तितकाच. प्रत्येकाची जागा त्याच्या कसबावर ठरते हे खरे. उजव्या पायाच्या कोपऱ्याला हौसेने डावीकडे उभे करता येत नाही. तरीही नवेपणा किती जाणवणार, याचा मोठा भाग खेळाडूंच्या हाती नसून मांडणी करणाऱ्याच्या हाती असतो, एवढे या आकड्यांवरून म्हणता येते.

ही कल्पना गावापुरती आहे की बाहेरही टिकते, हे पाहायला प्रो कबड्डी लीग उपयोगी पडते. कारण तिथे संघ लिलावातून एका दिवसात नवे होतात. 2014 साली सुरू झालेल्या या स्पर्धेत 2017 च्या पाचव्या हंगामात 4 संघ नव्याने आले: गुजरात, हरियाणा, तमिळ थलैवाज आणि उत्तर प्रदेश. चौघेही सारखेच नवे. त्यांतला गुजरात पहिल्याच वर्षी अंतिम फेरीत गेला आणि पाटण्याकडून 38-55 असा हरला. पुढच्या हंगामातही तो अंतिम फेरीत होता, तेव्हा बंगळूरुने त्याला 38-33 असे हरवले. तमिळ थलैवाजकडे अजय ठाकूरसारखा नाणावलेला चढाईपटू होता, त्याने गुणही भरपूर मिळवले. तरी संघ आपल्या गटात तळाला राहिला.

गुजरातचे कोपरे पाहिले की उलगडा होऊ लागतो. डावीकडे फझल अत्राचली, उजवीकडे अबोझर मिघानी. दोघेही इराणचे. 2016 साली अहमदाबादेत झालेल्या विश्वचषकात इराणने अंतिम फेरी गाठली होती, त्या संघात हे दोघे बरोबर होते. म्हणजे संघ कोरा, पण त्याची दोन टोके एकमेकांना ओळखणारी होती. मधल्या जागेवर सुनील कुमार आणि परवेश भैन्सवाल यांची जोडी तिथेच जमली आणि नावारूपाला आली. थलैवाजच्या वाट्याला चढाई तयार आली होती, पकड घडायची होती. सगळे यश एवढ्यावरच उभे होते असा दावा मी करणार नाही; पण नव्या संघाची चढाई आधी बोलते आणि पकड मागून बोलते, हे मी गुणलेखकाच्या टेबलावरून जे पाहत आलो, त्याच्याशी हे जुळते.

उलट बाजूचेही एक उदाहरण आहे. पुणेरी पलटणने दहाव्या हंगामात, 1 मार्च 2024 रोजी, हरियाणाला 28-25 असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे ही तरुण मंडळी संघाने सांभाळून ठेवली होती. मोहम्मदरेझा शादलूची भर लिलावात 2 कोटी 35 लाखांना घातली. पुढच्या हंगामात शादलू हरियाणाकडे गेला, कर्णधार अस्लम जायबंदी झाला, आणि गतविजेता संघ बाद फेरीपर्यंतही पोहोचला नाही. सातातला एक गडी गेला म्हणजे सातवा हिस्सा गेला असे आपण धरतो. जोड्यांच्या हिशेबात एका गड्याबरोबर 21 पैकी 6 जोड्या जातात.

हंगामापूर्वीच्या अपेक्षांवर सगळ्यात जास्त शाई खर्च होते ती मात्र अमेरिकेत, तिथल्या कॉलेज बास्केटबॉलवर. तिथे हंगाम सुरू होण्याआधी असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था पत्रकारांकडून मते घेऊन पहिल्या पंचवीस संघांची क्रमवारी लावते. तिथेही मुले दरवर्षी गळतात. 2021 पासून तर एका कॉलेजातून दुसऱ्यात गेल्यावर एक वर्ष बाहेर बसण्याची अटही सुटली, त्यामुळे संघच्या संघ बदलू लागले. आमच्या टपरीवरचा प्रश्न तिथे राष्ट्रीय प्रश्न होऊन बसला आहे.

तिथली दोन उदाहरणे माझ्या कल्पनेची दोन्ही टोके दाखवतात. 2013 च्या हंगामाआधी केंटकी विद्यापीठाचा संघ पहिल्या क्रमांकावर होता, आणि त्याचा सारा भर पहिल्या वर्षाच्या मुलांवर होता. हंगाम अडखळत गेला. राष्ट्रीय स्पर्धेत त्याला आपल्या विभागात आठवे मानांकन मिळाले. 'अपेक्षाभंग' हा शब्द तोवर छापून झाला होता. तोच संघ एप्रिल 2014 मध्ये अंतिम सामन्यात उभा होता आणि 54-60 असा हरला. मुले तीच होती. नोव्हेंबरात कोरे असलेले सांधे मार्चपर्यंत भरून आले होते. अपेक्षा चुकली ती उंचीत नव्हे, तारखेत.

दुसरे उदाहरण माझ्या विरुद्ध जाते, म्हणून ते सांगणे भाग आहे. नॉर्थ कॅरोलायनाचा संघ एप्रिल 2022 मध्ये अंतिम सामना 69-72 असा हरला. पुढच्या वर्षी पहिल्या पाचातले चार जण परतले. बास्केटबॉलच्या 5 जणांच्या जोड्या 10 होतात. चौघे जुने म्हणजे त्यांतल्या 6 जुन्या. क्रमवारीत संघ पहिला. आणि हंगाम संपला तेव्हा राष्ट्रीय स्पर्धेच्या 68 संघांतही त्याला जागा मिळाली नाही. तेव्हा जुन्या जोड्या म्हणजे यशाची हमी नव्हे. जोड्यांवरून संघ किती लवकर जुळेल याचा अंदाज येतो. तो किती उंच जाईल, हे त्यावरून कळत नाही. माझ्या पद्धतीची ही मर्यादा मी मान्य करतो.

या हिशेबाकडे मी कसा वळलो, ते आता सांगतो. आकड्यांच्या आवडीमुळे नाही.

मी दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा आमच्या संघात रोह्याच्या बाजूच्या एका खाडीकाठच्या गावातून तीन मुले आली. त्यातला एक डावा कोपरा. त्याचे नाव तालुक्यात झालेले होते आणि 'यंदा कप आपलाच' असे कॉलेजभर बोलले जात होते. संघात गट पडू नयेत या चांगल्या हेतूने आमच्या सरांनी ती तीन मुले तीन ठिकाणी उभी केली. डाव्या कोपऱ्याच्या शेजारी मी. माझा आधीचा कोपरा वेगळ्या सवयीचा होता. मी पाऊल पुढे टाकल्याशिवाय तो कधी घोट्याला जात नसे. या नव्या मुलाची सवय उलटी. त्याच्या गावात त्याने झेप घेतली, की शेजारचा न बघता अंगावर येत असे. पहिल्याच फेरीत तो तीनदा घोट्याला गेला. तिन्ही वेळा घोटा त्याच्या हातात होता. तिन्ही वेळा मी पावलाची वाट पाहत उभा होतो, आणि तो मातीतून ओढत नेला गेला.

आम्ही हरलो. परतताना टेम्पोत सगळे बोलत होते, 'नाव मोठं, पण पकड नाही.' मी गप्प राहिलो. खरे तर मलाही तेव्हा तसेच वाटत होते. चूक दिसायला त्याचीच होती, कारण मातीत तो पडला होता, मी उभा होतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो कॉलेजला आला नाही. वडिलांबरोबर होडीवर जाऊ लागला, असे त्याच्या गावच्या दुसऱ्या मुलाने सांगितले. पुढे कित्येक वर्षांनी, टेबलावर बसून दुसऱ्यांचे सामने लिहिताना, अशीच एक पकड सुटताना पाहिली आणि पेन थांबले. त्याचा हात सुटला नव्हता, माझा पोहोचला नव्हता. हे त्याला सांगायला मी कधी गेलो नाही. त्या दिवसापासून वहीत पकड सुटली की एक नाव लिहायचे थांबवून दोन नावे लिहू लागलो.

तर मग नव्या संघाकडून काय अपेक्षा ठेवावी? माझ्या वह्यांतून जे हाती लागले ते थोडक्यात असे.

पहिले, चढाई आणि पकड यांचा अंदाज वेगवेगळा बांधावा. नवा चढाईपटू पहिल्या सामन्यापासून गुण आणू शकतो. पकडीला वेळ द्यावा. सुरुवातीच्या सामन्यांत दोन्हीकडचे गुण भरपूर आणि हार थोडक्यात, असे चित्र असले तर संघ बिघडला आहे असे समजू नये. तो अजून जुळतो आहे.

दुसरे, नवी मुले कुठून आली ते विचारावे. किती आली, हा प्रश्न त्यानंतरचा. अकरावी-बारावीला एकत्र खेळलेली दोघे, एका मंडळाची तिघे, सख्खे चुलतभाऊ, ही कागदावर नवी असली तरी आपसात जुनी असतात. त्यांना शेजारी उभे करता येत असेल तर करावे. गटबाजीची भीती खरी आहे. पण तिच्यावर उपाय जेवणाच्या पंगतीत आणि प्रवासात शोधावा, डाव्या कोपऱ्यात नव्हे.

तिसरे, मैदानात आपले चारच गडी उरले असताना संघ पाहावा. सात असताना एखादी कोरी जागा झाकली जाते. चार उरले की प्रत्येक सांधा उघडा पडतो. आणि पुढे तीन किंवा त्याहून कमी असताना पकड झाली तर एक गुण जादा मिळतो, म्हणून धाडसही करावे लागते. त्या अवस्थेत कोण कुणाला हाक मारतो, हे गुणफलकापेक्षा जास्त सांगून जाते.

चौथे, मातीवरून मॅटवर आलेल्या मुलाला निराळा वेळ द्यावा. मातीत अनवाणी पायाला लागलेली सवय बुटांत लगेच उतरत नाही. तो मंद झालेला नसतो, त्याचे पाऊल नवे झालेले असते.

आणि शेवटचे, हरल्यावर बोलताना एकच नाव घेऊ नये.

परवा टपरीवर पुन्हा तोच प्रश्न निघाला. विचारणारे गृहस्थ माझ्याहून वडीलधारे, त्यांचा नातू यंदा पहिल्या वर्षाला आहे आणि संघात निवडला गेला आहे. 'पोरं नवी आहेत,' असे त्यांनीच म्हणून टाकले, थोडे अभिमानाने, थोडे धास्तावून. मी विचारले, 'काका, नातू कुठल्या जागेवर खेळतो?' म्हणाले, 'डावा कोपरा.' म्हटले, 'आणि त्याच्या शेजारी कोण असतो?'

त्यांना ते ठाऊक नव्हते. चहा संपवून ते म्हणाले, 'संध्याकाळी सरावाला जातो आणि बघून येतो.'